घरच्या प्लगवर ईव्ही चार्ज करताय? चार्जरच्या आधी वायर बघा

ईव्ही घरात आली की पहिला महिना माणूस ॲपमधले टक्के बघण्यातच घालवतो, मी पण तेच केलं. पण ॲप सांगतं बॅटरीत किती गेलं आणि बिल येतं मीटरमधून किती गेलं त्याचं, आणि हे दोन आकडे कधीच जुळत नाहीत. म्हणून पहिलं काम हे करा. एखाद्या रात्री एसी, गिझर बंद ठेवून गाडी लावा, आधी मीटरचा फोटो, सकाळी परत फोटो. बॅटरीत साधारण २० युनिट गेले आणि मीटर २३ ने पुढे गेला (फ्रिज-पंख्याचं एखाद युनिट सोडून द्या) तर सगळं ठीक चाललंय, १०-१५ टक्के गळती होतेच, कारण गाडीतला चार्जर घरच्या लाइनचा एसी करंट बॅटरीला लागणाऱ्या डीसी करंटमध्ये बदलताना गरम होतो. २५-२६ च्या पुढे गेला तर मात्र कुठेतरी घोळ आहे, आणि तो बहुतेक वेळा गाडीत नसून वायरीत किंवा सेटिंगमध्ये सापडतो.

आता वायर. बहुतेक गाड्यांबरोबर जो पोर्टेबल चार्जर येतो तो साध्या १५ अँपिअरच्या पॉवर प्लगवर चालतो आणि साधारण ३ किलोवॅट ओढतो. तुम्ही म्हणाल गिझर पण तेवढंच घेतो की. घेतो, पण गिझर पंधरा मिनिटं चालतो आणि गाडी आठ-नऊ तास, त्यामुळे जो पॉइंट गिझरला दहा वर्षं पुरला तो गाडीला महिनाभर पुरेलच असं नाही. माझा पार्किंगमधला जुना पॉइंट तिसऱ्या आठवड्यात पिवळा पडला आणि प्लगची एक पिन काळी झाली, वास आला म्हणून कळलं. तेव्हा वायरमनला बोलवून डीबीपासून (घरातला मेन बोर्ड, जिथून सगळ्या लाइनी निघतात) थेट वेगळी लाइन टाकून घ्या, मधे दुसरा एकही पॉइंट नको, वायर ४ स्क्वेअर एमएम तांब्याची, लाइनला स्वतःचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच). वायरमन म्हणेल साहेब अडीचची पण चालते. चालते हो, पण मीटर रूमपासून पार्किंग ४० मीटर लांब असेल तर अडीचच्या वायरीत जवळपास १०० वॅट नुसते वायर तापवण्यात जातात, चारच्या वायरीत ६० च्या आसपास. आठ तासांत पाव-अर्ध्या युनिटचा फरक, पैशात किरकोळच, पण वायर थंड राहते हे महत्त्वाचं. आणि एक्स्टेंशन बोर्ड? अजिबात नाही, एका रात्रीपुरता सुद्धा नाही.

अर्थिंग हा दुसरा ताप. गाडी लावली आणि चार्जरचा लाल दिवा लागला की लोक चार्जर खराब म्हणून सर्व्हिस सेंटरला पळतात, आणि निघतं काय तर घराला अर्थिंगच धड नाही. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. लोक न्यूट्रल-अर्थ जोडून चार्जरला फसवतात, तो जुगाड करू नका, पावसाळ्यात ओल्या पार्किंगमध्ये गाडीच्या पत्र्याला हात कोण लावणार आहे याचा विचार करा.

मग प्रश्न येतो ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर) घ्यायचा का. रोज ३०-४० किलोमीटर फिरत असाल तर माझ्या मते गरज नाही, कारण तेवढं साध्या प्लगवर दोन-अडीच तासांत भरून निघतं. रोजचं दीडशे किलोमीटर असेल तर घ्या, पण आधी लाइट बिलावरचा मंजूर भार बघा, तो ३-४ किलोवॅट असेल तर वाढवून घ्यावा लागेल आणि वायर पण ६ स्क्वेअर एमएमची लागेल. उलट टोकाची चूक म्हणजे बॅटरीला बरं म्हणून ५-६ अँपिअरवर रात्रभर चार्ज करणं. चार्जिंग चालू असताना गाडीचे कॉम्प्युटर, कूलंट पंप वगैरे जागे असतात आणि ते दर तासाला आपला वाटा खातातच, मग तुम्ही जोरात भरा नाहीतर हळू. जितके तास जास्त तितकी ही गळती जास्त, त्यामुळे वायर चांगली असेल तर पूर्ण १५ वरच चालू द्या.

वेळेचं काय? "रात्रीच चार्ज करा" हा सल्ला सगळीकडे मिळतो पण आपल्याकडे तो अर्धवट आहे. साधा मीटर असेल तर महावितरणच्या घरगुती दरात दिवस-रात्र सारखंच. टीओडीवाला (वेळेनुसार वेगळा दर लावणारा) स्मार्ट मीटर बसला असेल तर घरगुती सवलत उलट दिवसाची आहे, सकाळी ९ ते संध्याकाळी ५, म्हणजे गाडी रविवारी किंवा घरून काम असेल त्या दिवशी लावा. छतावर सोलर असेल तर विचारायलाच नको. फक्त उन्हाळ्यात भर दुपारी हायवेवरून आलात की लगेच लावू नका, तासभर सावलीत थंड होऊ द्या, नाहीतर बॅटरी थंड करण्यातच वीज जाते.

आणि स्लॅबची भीती. महिन्याला हजार किलोमीटर, युनिटला ७ किलोमीटर धरले तर गळतीसकट १६० युनिट वाढतात. घरचे १८० असतील तर झाले ३४०. "आता सगळ्या बिलाला वरचा दर लागणार" असं सोसायटीतले काका सांगतात, तसं नसतं, ३०० च्या वरच्या ४० युनिटांनाच वरचा दर लागतो. वापर ५०० च्या पुढे जायला लागला तर मात्र ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन घेऊन हिशोब करून बघा, २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत बदल करून तशी सोय दिली आहे. सोसायटीत राहत असाल तर हेच सगळ्यात सोपं, कॉमन मीटरवरून कोणाची गाडी किती प्यायली हे भांडणच राहत नाही.

किती टक्क्यांपर्यंत भरायचं ते बॅटरीवर आहे. नेक्सॉनसारखी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर आठवड्यातून एकदा १०० करा, नाहीतर टक्क्यांचा अंदाज चुकायला लागतो. आयोनिक ५ सारखी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८० ला थांबवा आणि लांब जायच्या आदल्या रात्री १००. निघायच्या आधी दहा मिनिटं प्लग लावलेला असतानाच एसी चालू करा, गाडी थंड होते ती घरच्या विजेवर, बॅटरीतले किलोमीटर शाबूत राहतात.

नवीन लाइन टाकल्यावर पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने चार्जर बंद करून प्लग काढा आणि त्याच्या प्लॅस्टिकला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल, चटका बसला तर त्या रात्री गाडी लावू नका, सकाळी वायरमनला बोलवा.