विहिरीत माणूस उतरवण्याआधी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत विहीर खोल करून घ्यायची असेल तर मजूर ठरवायच्या आधी गॅस मीटर ठरवा. भाड्याने आणा, उसनं आणा, पण आणा. गेल्या उन्हाळ्यात मी यारी, म्हणजे दगड-माती वर ओढायची क्रेन पाहिली, दोर पाहिला, हवा पाहिली नाही. लाइट नव्हती म्हणून पाणी उपसायला पेट्रोलचा पंप खाली कपारीवर ठेवला. धूर काय, वर निघून जाईल! थोड्याच वेळात खालचा माणूस मटकन बसला. कमरेला दोर होता म्हणून वर आला.

हेल्मेट, बूट सांगायला नकोत. डबर काठापासून लांब टाका. यारीच्या वायररोपच्या तारा तुटलेल्या दिसल्या तर बदला, उद्यावर नको. यावल-रावेरकडे गाळाची जमीन, काठ ढासळतो. काठाला आधार देणारं कडं बसल्याशिवाय खाली कोणी नाही. कातळात ती धास्ती कमी, पण सुरुंगाचा धूर तळाशी कोंडून राहतो.

म्हणून पुन्हा हवा. मीटर चार गॅसचं हवं: ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि पेट घेणारे वायू. दोरीला बांधून सोडा. वर, मध्ये, तळाशी, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबवा, आकडा लगेच येत नाही. चांगल्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली गेला की माणूस उतरवायचा नाही. आमचे आबा म्हणाले, "कंदील सोडून बघतो ना आपण!" आबा, कंदील विझला तर ऑक्सिजन कमी एवढंच कळतं. पंपाच्या धुरातला मोनॉक्साइड भरलेला असला तरी कंदील खुशाल जळतो. त्याला ना वास ना रंग.

ताजी हवा खाली ढकलणाऱ्या ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडा, अर्ध्यावर लोंबकळत नको. ब्लोअर जनरेटरच्या धुराजवळ ठेवलात तर तुम्हीच विष खाली ढकलताय. सकाळी तपासलं ते जेवणानंतर चालत नाही, सुरुंगानंतर तर नाहीच. इंजिन विहिरीत उतरवायचं नाही, कितीही छोटं असो.

कमरेच्या दोराऐवजी पूर्ण अंगाचा पट्टा घ्या, बेशुद्ध माणूस सरळ वर येतो. माणूस ओढायला वर तिपाई, म्हणजे तीन पायांचा सांगाडा, आणि हाताने फिरवायचा विंच, यारीपेक्षा वेगळं. कोणी पडला तर दुसऱ्याने मागोमाग उतरायचं नाही, भाऊ असला तरी.

बाकी: खाली 24 व्होल्टचा दिवा. सुरुंग परवानावाल्याकडूनच. वर एक माणूस कायम, मोबाइल खिशात, 108 माहीत असलेला. अंधार पडला की काम बंद.

आणि मीटर रात्री चार्जिंगला लावलं का?