लाटेकमध्ये लेबलवाली यादी नीट बसवणे

लाटेक या दस्तऐवज-मांडणीच्या प्रणालीत संज्ञा आणि तिचे स्पष्टीकरण अशी यादी हवी असेल तर ‘डिस्क्रिप्शन’ एन्व्हायर्नमेंट (सुरुवात-शेवटाच्या कमांडांमधला विभाग) वापरा. प्रत्येक ‘आयटम’ कमांडनंतर चौकोनी कंसात लेबल लिहायचे; ते आपोआप ठळक छापले जाते. लेबलमध्येच चौकोनी कंस असेल तर संपूर्ण लेबल महिरपी कंसात गुंडाळा. नाहीतर लाटेक पहिल्याच बंद कंसाला लेबल संपले असे समजते आणि उरलेला तुकडा मजकुरात सांडतो.

मूळ मांडणीत मजकूर लेबल संपताच सुरू होतो, त्यामुळे लेबलांची लांबी वेगवेगळी असली की पहिल्या ओळी वेड्यावाकड्या दिसतात. उपाय ‘एनुमआयटम’ हे याद्यांची मांडणी बदलणारे पॅकेज (जोड-संच). त्यातल्या ‘लेफ्टमार्जिन’ (डावा समास) या पर्यायाला उद्गारचिन्ह द्या आणि ‘लेबलविड्थ’ला ‘विड्थऑफ’ने मोजलेली सर्वांत लांब लेबलाची रुंदी. ‘विड्थऑफ’साठी ‘कॅल्क’ पॅकेजही लागते. मोजताना लेबलाआधी ‘बीएफसिरीज’ ही ठळक अक्षरांची कमांड लिहायला विसरू नका: ठळक अक्षरे साध्यापेक्षा सहसा रुंद असतात, ती न लिहिल्यास मोजमाप कमी पडते आणि नेमके तेच लेबल मजकुराला पुढे ढकलते.

एखादेच लेबल अवाढव्य असेल तर त्याच्यासाठी सगळा समास वाढवणे हा कागदाचा अपव्यय. तिथे ‘स्टाइल’ला ‘नेक्स्टलाइन’ द्या. समासात न मावणाऱ्या लेबलाचा मजकूर पुढच्या ओळीवर जातो. लेबलच ओळीपेक्षा लांब असेल तर ‘अनबॉक्स्ड’. एरवी लेबल पेटीबंद असते, तुटत नाही, सरळ उजव्या समासाबाहेर जाते.

ठळकपणा नको असल्यास ‘फॉन्ट’ला ‘नॉर्मलफॉन्ट’ द्या.