टॅरेंटुलाची वाळलेली कात उलगडली आणि मादी ओळखली

इथे इंग्लंडमध्ये माझ्याकडे एक मेक्सिकन रेड-नी टॅरेंटुला (मोठा, केसाळ कोळी) आहे. तो नर की मादी, हे कळत नव्हतं. या जातीची मादी वीस वर्षांहून जास्त जगते, नर वयात आल्यावर फार काळ टिकत नाही, त्यामुळे हे जाणून घ्यायची मला मनापासून ओढ होती. उत्तर कातेत असतं, पण पोटाचा भाग वाळून चुरगळला होता, हात लावला की तुटायचा.

उपाय सोपा निघाला. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून कात भिजवली. मऊ झाल्यावर चिमटा आणि बारीक ब्रश वापरून पोटाची कातडी आतली बाजू वर येईल अशी पसरली. हातमोजे घालाच; पाठीकडचे केस कातेतही टोचतात आणि डोळ्यांत गेले तर फार त्रास होतो.

पायांच्या दिशेची फुप्फुसांची जोडी शोधा. ते चार फिकट ठिपक्यांपैकी वरचे दोन. त्यांच्या मधोमध, आतल्या बाजूला, मादीत शुक्रकोषाची (नराचे शुक्राणू साठवायच्या पिशवीची) झडप दिसते. मागून मोबाइलचा टॉर्च धरला तेव्हा माझ्या कातेत ती रुंद, एकसंध झडप स्पष्ट दिसली. मादीच! नरात तिथे अशी झडप नसते.

जातीचं नावही एकदा तपासा. ‘स्मिथी’ या शास्त्रीय नावाने विकले जाणारे बरेचसे रेड-नी कोळी प्रत्यक्षात ‘हॅमोरी’ या दुसऱ्या, तशाच दिसणाऱ्या जातीचे असतात, हे 2017 च्या संशोधनात दिसलं. पसरलेली कात पुठ्ठ्यावर वाळवून तारीख लिहून ठेवली आहे.