घरबसल्या होणाऱ्या प्रवेश परीक्षेवर समाजशास्त्राचा प्रोजेक्ट करायचाय? मग हे वाचा

दरवर्षी जून-जुलै आला की अकरावी-बारावीची आणि बीएची पोरं विचारत येतात, मॅडम प्रोजेक्टला विषय सांगा, आणि निम्म्यांच्या डोक्यात आधीच "सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम" असतो. तो विषय वाईट नाही, पण इतका मोठा आहे की शेवटी सगळे गुगलवरनं उतरवतात. त्यापेक्षा तुमच्या गल्लीत घडणारी गोष्ट घ्या. काही निवासी आणि खाजगी शाळा आता प्रवेश परीक्षा घरूनच घेतात, म्हणजे मूल घरात लॅपटॉप नाहीतर मोबाईलसमोर बसतं, कॅमेरा चालू, पलीकडून कुणी माणूस नाहीतर सॉफ्टवेअर बघतंय, तासा-दोन तासात पेपर संपला. यात घर, जागा, पैसा, आई-बापाचं शिक्षण, गावाची रेंज सगळंच येतं. समाजशास्त्राला अजून काय पाहिजे?

माझं सरळ म्हणणं असं आहे की अशी परीक्षा मुलाबरोबर घराचीही परीक्षा घेते, आणि जी मुलं त्या परीक्षेला बसलीच नाहीत त्यांच्याशी बोलल्याशिवाय हा प्रोजेक्ट अर्धाच राहतो. पुढे जे सांगते ते ह्या एका गोष्टीभोवतीच आहे.

आधी मार्कांचं बघून घ्या. सीबीएसईला बारावीच्या समाजशास्त्रात ८० मार्क लेखी आणि २० प्रोजेक्टला असतात. बाकीच्यांनी आपापल्या कॉलेजचा चालू वर्षाचा कागद हातात घेऊनच पानं, शब्द, तारीख ठरवायची, सिनियरनं सांगितलं म्हणून धरून चालायचं नाही.

आता प्रश्न बारीक करायचा. "ऑनलाइन प्रवेश परीक्षा आणि समाज" असं लिहिलंत तर तुम्हालाच कळणार नाही कुठून सुरुवात करायची. त्याऐवजी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापुरतं "करवीर आणि शाहूवाडी तालुक्यात घरून प्रवेश परीक्षा देताना मुलांना जागा, उपकरण आणि मदत कशी मिळाली" असं घ्या, ह्यात कुठं, कोण आणि काय हे तिन्ही आलं. अजून ताकद पाहिजे असेल तर तुलना करा. सहावीच्या नवोदय प्रवेशाची परीक्षा केंद्रावर जाऊन कागदावर होते, ८० प्रश्न, १०० मार्क, दोन तास, आणि आपल्या जिल्ह्याचं नवोदय कागलला आहे त्यामुळे ती दिलेली पोरं कुठल्याही तालुक्यात सापडतात. केंद्रावर सगळ्यांना तोच बाक, तेच घड्याळ, तोच सुपरवायझर. घरी मात्र प्रत्येकाचं वेगळं. दोन्ही परीक्षा दिलेलं एखादं मूल मिळालं तर त्याच्याशी निवांत बोला, तिथं प्रोजेक्टचा सगळ्यात चांगला भाग मिळतो.

वाचनाला फार नको, पण तीन गोष्टी पाहिजेत. एक, आकडेवारी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ ला, देशात ग्रामीण भागातल्या साधारण १५ टक्के आणि शहरी भागातल्या ४२ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, आणि कॉम्प्युटर ग्रामीण भागात ४ टक्क्यांच्या थोडा वर तर शहरात २३ टक्क्यांच्या आसपास घरांत. हे आकडे देशाचे आहेत आणि कोरोनाच्या आधीचे आहेत, हे वाक्य रिपोर्टमध्ये लिहायचंच, नाहीतर तोंडीला परीक्षक तिथंच पकडतात. दोन, पिअर बोर्दिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाची सांस्कृतिक भांडवलाची कल्पना, म्हणजे घरात बोलली जाणारी भाषा, पुस्तकं, फॉर्म भरायची सवय, मोठ्यांसमोर बोलायचा आत्मविश्वास हे सगळं मुलाला न दिसता मिळालेलं भांडवलच असतं. तीन, आपल्या कोल्हापूरचा इतिहास. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या आधी, १९०१ पासून, त्यांनी वसतिगृहांना पाठबळ दिलं, कारण खेड्यातनं आलेल्या पोराला शहरात राहायला आणि अभ्यासाला जागाच नव्हती. शाळा असून भागत नाही, बसायला जागा लागते, हे इथं सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. घरून परीक्षा म्हटल्यावर तोच जागेचा प्रश्न परत घरावर येतो. प्रस्तावनेत हे जोडा, उगाच "आजच्या डिजिटल युगात" नं सुरुवात करू नका.

नमुना कसा घ्यायचा? पंधरा-वीस घरं पुरेत, पण सगळी राजारामपुरी नाहीतर ताराबाई पार्कातली नकोत. थोडी शहरातली, थोडी शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहणारी, थोडी शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीकडची वाडी-वस्तीतली. ओळखीतनं ओळख काढत गेलात तर त्याला स्नोबॉल पद्धत म्हणतात, ती वापरली असं सरळ लिहा, लपवायचं काही नाही.

आणि आता मी वर म्हटलं ती मुलं. परीक्षा दिलेल्यांची यादी सहज मिळते, पण फॉर्म भरून न बसलेली आणि फॉर्मच न भरलेली मुलं कुठल्याच यादीत नसतात. त्यांना शोधायला गावातल्या झेडपी शाळेत जा, चौथी-पाचवीच्या बाईंना किंवा गुरुजींना विचारा की अशा शाळेत जाण्यासारखं हुशार कोण होतं आणि कोण बसलंच नाही. ऊस तोडायला बाहेरच्या जिल्ह्यातनं आलेल्या कुटुंबांची मुलं हंगामात आपल्याच शिवारात असतात, त्यांच्यापर्यंत ही परीक्षा पोचते का हा प्रश्न तर फार कमी जण विचारतात. अशी चार-पाच मुलं जरी भेटली तरी प्रोजेक्टची उंची वाढते, हे मी खात्रीनं सांगते.

प्रश्नावली. इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. "तुमच्याकडे इंटरनेट आहे का? हो/नाही" ह्या प्रश्नाला आज जवळपास सगळे हो म्हणणार आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. त्याऐवजी असं विचारा: पेपरच्या दिवशी कुणाचा फोन किंवा लॅपटॉप घेतला? तो माणूस त्या दिवशी कामाला फोन न घेता गेला का? कुठल्या खोलीत बसला? त्या खोलीत एरवी कोण असतं आणि त्या वेळी ते कुठं गेले? नेट गेलं तर काय करायचं असं ठरवलं होतं? लॉगिन कुणी करून दिलं? सूचना इंग्रजीत होत्या तर वाचून कुणी सांगितल्या? बघा, प्रत्येक उत्तरात एक माणूस आणि एक अडचण निघते.

उत्पन्नाचा प्रश्न तर आपल्याकडे हमखास फसतो. "मासिक उत्पन्न किती" हे पगारदाराला विचारलं तर ठीक, पण ऊसवाल्याचं बिल कारखान्याकडनं हप्त्यानं येतं, दुधाचं बिल दहा दिवसांनी, फौंड्रीतल्या माणसाचा ओव्हरटाइम कमी-जास्त. तो बिचारा काय सांगणार महिन्याचं? मग किती गुंठे, जनावरं किती, घरात फोन किती आणि त्यातले स्मार्टफोन किती, मुलाला स्वतःचं टेबल आहे का, असं विचारा. जात विचारायची गरज असेल तर आधी गाइडशी बोला, का विचारताय ते समोरच्याला सांगा आणि तो प्रश्न शेवटाला ठेवा, नको म्हणाले तर पुढं जा.

प्रश्न झाले की आधी दोन ओळखीच्या घरात करून बघा, कुठं लोक अडखळतात ते दिसतं, मग दुरुस्त करून पक्के करा. गूगल फॉर्मवर सगळं भागवू नका. ज्याच्याकडे नेट नाही त्याच्याबद्दलची माहिती नेटवरनं गोळा करणं म्हणजे त्यालाच गाळून टाकणं.

घरी जायची वेळ बघून जा. सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या वेळेला अजिबात नको, डेअरीला दूध घालून आल्यावर माणसं निवांत असतात. मुलं १८ च्या आतली आहेत म्हणून आई-वडिलांची परवानगी आधी, आणि मुलालाही वेगळं विचारायचं, "तुला बोलायचंय का?" आई-बाप हो म्हणाले म्हणजे पोरगं हो म्हणालं असं होत नाही. रेकॉर्डिंग करायचं तर सांगून करा.

एक गोष्ट अगदी जपून. खरी परीक्षा चालू असताना त्या खोलीत तुम्ही जायचं नाही, निरीक्षण म्हणूनसुद्धा नाही. कॅमेऱ्यात दुसरा माणूस दिसला, आवाज आला तर मुलावर शंका घेतली जाते आणि नुकसान त्याचं होतं. शाळा मॉक टेस्ट देत असेल तर घरच्यांच्या परवानगीनं त्या वेळी बाजूच्या खोलीत थांबा, नाहीतर पेपर झाल्यावर त्याच जागी बसून मुलाला सगळं दाखवायला सांगा आणि वहीत खोलीचा नकाशा काढा. आमच्या एका विद्यार्थिनीनं एका घरात हेच केलं. एकच मोठी खोली, भिंतीला लागून शिलाई मशीन, त्याच मशीनच्या फळीवर फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला, उजेड समोरनं यावा म्हणून दार उघडं ठेवायचं तर रस्त्यावरचा आवाज आत, दार लावलं तर तोंड काळं दिसतंय म्हणून सॉफ्टवेअर ओरडतंय. आईनं त्या दोन तासांत मशीन बंद ठेवलं, म्हणजे शिलाई बुडाली, आणि आजी शेजारच्या घरी जाऊन बसल्या. हे सगळं तिनं नकाशावर बाण काढून लिहिलं, आणि ते एक पान बाकी सगळ्या तक्त्यांना भारी पडलं.

पेपरात काय आलं होतं ते विचारू नका, आणि "कॉपी केली का" असं तोंडावर तर नाहीच. "घरी मोठी माणसं असताना काय-काय मदत होते" असं मोकळं विचारलं की लोक आपणहून बोलतात. कुणी काही गैर सांगितलंच तर ते कोणाला ओळखू येईल असं लिहायचं नाही. नावं, शाळेचं नाव, वाडीचं नाव सगळं बदला. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या ज्या गावात १९४८ ला मुक्काम करून अभ्यास केला त्याचं त्यांनी लिहिलेलं "रामपुरा" हे नावही बदललेलंच आहे. आणि त्यांचं नाव निघालंच आहे तर बॅकअपचंही सांगते, १९७० ला अमेरिकेत स्टॅनफर्डला त्यांच्या ऑफिसला आग लावली गेली आणि वर्षानुवर्षं तयार केलेल्या नोट्सच्या तिन्ही प्रती जळाल्या, मग त्यांनी बरंचसं आठवणीतनं लिहिलं. तुम्ही रोज रात्री वहीच्या पानांचे फोटो काढून ड्राइव्हवर टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

लिहिताना टक्केवारीचा मोह नको. समजा १८ घरांपैकी ७ घरांत फोन उसना आणला होता तर "१८ पैकी ७" असंच लिहा, ३८.८९ टक्के लिहून ते जास्त शास्त्रीय होत नाही. लोकांचं बोलणं आहे तसं ठेवा. "रेंज न्हवती म्हणून माडीवर गेलो, तितं ऊन लई लागत हुतं" ह्याचं "नेटवर्कच्या अभावामुळे गैरसोय झाली" करून टाकलंत तर माणूसच गेला त्यातनं. आणि निष्कर्षात सगळ्या महाराष्ट्राबद्दल बोलू नका, तुम्ही ज्या घरांत गेलात त्यांच्याबद्दलच बोला. घरून परीक्षा झाल्यामुळे कुणाचा फायदा झाला तेही लिहा. गाडीभाडं आणि एका दिवसाचा रोज वाचला, आजारी मुलीला प्रवास करावा लागला नाही, असं सांगणारी घरं भेटली तर त्यांनाही तेवढीच जागा द्या.

तोंडीला दोन प्रश्न बहुतेक येतातच, हीच घरं का निवडली आणि परत करायचं झालं तर काय वेगळं कराल. दोन्हीची उत्तरं आधीच वहीत लिहून ठेवा.

बाइंडिंग झालं की एक पानाचा मराठी सारांश काढा, त्यात सूचना थेट लिहा, उदाहरणार्थ तालुक्याच्या शाळेतली कॉम्प्युटर लॅब परीक्षेच्या दिवशी मुलांना उघडी ठेवणं, नेट गेलं तर दुसरी वेळ मिळणं, सूचना मराठीत असणं. ते पान ज्या घरांनी वेळ दिला त्यांना, झेडपी शाळेच्या गुरुजींना आणि परीक्षा घेणाऱ्या शाळेच्या ऑफिसात नेऊन द्या, पण त्यात कुठलंही घर ओळखू येत नाही ना हे आधी गाइडकडनं तपासून घ्या.