मस्टँग जीटीचं मागचं चाक उडतंय? आधी रबर बघा

२०१५च्या फोर्ड मस्टँगला, म्हणजे एस५५०ला, मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं आणि जुना अखंड ॲक्सल गेला. वळणावर गाडी सुधारली, पण सरळ जोरात सुटताना मागून धाडधाड हातोडे पडू लागले. हाच व्हील हॉप. ५.० लिटर व्ही८ मॅन्युअलमध्ये तो सगळ्यात जास्त. भारतात २०१६पासून विकली गेलेली जीटी ऑटोमॅटिक असल्याने धक्का थोडा मवाळ बसतो, पण टायर कडक झालेले असतील तर तीही उड्या मारते.

आवाज सुरू झाला की पाय लगेच उचला. टायर पकडतो, त्याची बाजूची भिंत आणि बुशांचं, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांचं, रबर पिळलं जातं, पकड सुटते, पीळ झटक्यात उलगडतो आणि टायर पुन्हा पकडतो. सेकंदात अनेकदा हे घडतं आणि प्रत्येक फटका थेट हाफशाफ्टवर (चाक फिरवणारा दांडा) आणि डिफरन्शियलवर (दोन्ही चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) बसतो. म्हणून शाफ्ट तुटला की नुसता जाड शाफ्ट टाकू नका. मूळ कारण तसंच राहिलं, तर पुढचा घास डिफरन्शियलचा.

पैसे खर्च करण्याआधी

टायरवरचा चार अंकी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं जुन्या टायरवर नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं. मग शॉकअप बघा. तेल गळत असेल तर चाक आपटल्यावर शांत करणारं कोणी उरत नाही, आणि बाकीचे महागडे भाग वाया जातात.

आता एक फुकटची चाचणी. मागचं सस्पेन्शन आणि डिफरन्शियल धरणारा, बॉडीला बोल्टांनी जोडलेला सांगाडा म्हणजे सबफ्रेम. त्याच्या चारही बोल्टांवर रंगाच्या मार्करने वॉशरपासून सबफ्रेमपर्यंत एक सरळ रेघ ओढा. बंद ट्रॅकवर दोन-तीनदा जोरात सुटा आणि गाडी वर घेऊन बघा. रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले, तर सबफ्रेम जागेवरून हलतोय. रेघ शाबूत असली तरी निर्धास्त होऊ नका. बोल्ट जागचा न हलताही बुशांचं रबर आत दबत असतं.

सबफ्रेम

सुरुवात इथूनच करावी, कारण बाकी सगळं यालाच टांगलेलं आहे. बुशांमधल्या पोकळ्या भरणारे ॲल्युमिनियम किंवा पॉलियुरेथेनचे सपोर्ट आणि सबफ्रेम मध्यावर धरणारे अलाइनमेंट डॉवेल, असे संच मिळतात.

घोड्या (जॅक स्टँड) बॉडीच्या जॅक पॉइंटखाली लावा, सबफ्रेमखाली नको. ही चूक फार होते, आणि खाली घ्यायची वस्तूच गाडीचं वजन पेलत बसते. पुढच्या चाकांना उटी (अडसर) लावा. डिफरन्शियलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक टेकवा. सायलेन्सरचे रबरी हँगर सोडा. चारही बोल्ट एकदम काढायचे नाहीत: मागचे दोन काढा, पुढचे ढिले ठेवा, काही सेंटीमीटर खाली घ्या, सपोर्ट बसवा, मग पुढची जोडी. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे दर वेळी हाताने चाचपा. शेवटी बोल्ट टॉर्क रेंचने, तुमच्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

उभ्या लिंका

खालचा आर्म आणि हबचं नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) यांना जोडणारी छोटी उभी लिंक दुर्लक्षित राहते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर नकल फिरू पाहतं आणि त्याला अडवण्याचं काम हिचं. मूळ रबरी बुश तिथे पीळ खातात. गोलाकार बेअरिंगच्या ॲल्युमिनियम लिंका टाकल्या की फरक कळतो. काम अर्ध्या दिवसाचं. ज्या आर्मचे बुश रबरीच ठेवलेत, त्यांचे बोल्ट गाडी स्वतःच्या उंचीवर, वजन चाकांवर असतानाच आवळा. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

डिफरन्शियलच्या बुशांना रोजच्या गाडीत पॉलियुरेथेनचे इन्सर्ट पुरेत. ॲल्युमिनियम टाकलात तर ८०च्या वेगाला गिअरची शीळ केबिनमध्ये ऐकावी लागेल.

टायर आणि हवा

साध्या टायरला ट्रॅकवर २६ ते २८ पीएसआय ठेवून बघा. त्याखाली गेलात तर भिंतच जास्त पिळते आणि हॉप वाढू शकतो. ड्रॅग रेडियलला (सरळ शर्यतीसाठीचा मऊ टायर) गरम असताना १८ ते २२. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीसारख्या ठिकाणी पकडीसाठी खास गोंद मारलेल्या ड्रॅगस्ट्रिपइतकी साथ मिळत नाही, तिथे आरपीएम कमी ठेवूनच सुटा. घरी निघण्याआधी हवा पुन्हा दाराच्या चौकटीवरच्या आकड्यावर आणायची.

काम झाल्यावर अलाइनमेंट करावीच लागते. सबफ्रेम हलवला म्हणजे टो, म्हणजे चाकांचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, बदलला. मागे टो थोडा आत हवा आणि दोन्ही बाजूंना सारखा. बाहेर गेला तर पॉवर देताच शेपूट डोलते. चाकांचे नट २०४ न्यूटन-मीटरला. शंभरेक किलोमीटर चालवून सगळे बोल्ट पुन्हा तपासा आणि मार्करच्या रेघा नव्याने ओढून ठेवा.