पोट्ट्यांना टेकडीवर न्यायचंय? आधी पांदणीनं चालवा

दिवाळी झाली की आपल्या इकडं विदर्भात चालायचा सीझन सुरू, तो होळीपर्यंतच, मग ऊन तापतं आणि मे मध्ये पारा ४५ च्या वर गेला की टेकडीचं नावच काढू नका. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला असा चिकटतो की पाच वर्षांचं पोट्टं तिथंच बसकण मारते.

पहिल्याच फटक्यात चिखलदरा नको. गावाजवळची पांदण म्हणजे शेताकडं जायची वाट, वावराचा धुरा म्हणजे बांध, नाला, बस झालं. लेकराला पॉइंट-बिंट काही पाहायचा नसतो, त्याला खाली पडलेली बोरं पाहिजेत, सुगरणीचा खोपा पाहिजे, थांबू द्या. आपल्याला अर्धा तास लागतो तिथं दीड तास धरा आणि परतायची वेळ घड्याळावर ठरवा, सातला निघाले तर साडेआठला जिथं असाल तिथून मागं फिरा, पोट्टे उड्या मारत असले तरी, कारण येताना तेच कडेवर घ्या म्हणतात.

धुऱ्यानं जाताना तारेकडं लक्ष ठेवा. रानडुकरांसाठी बऱ्याच वावरांना झटका मशीनची, म्हणजे हात लागला की विजेचा झटका देणारी, बारीक तार असते, बरोबर लेकराच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर. काही जण तर डायरेक्ट लाईनचा करंट सोडतात, बेकायदेशीर आहे, माणसं मेली आहेत त्यानं. म्हणून नियम एकच, कोणत्याच तारेला हात नाही. उभ्या तुरीत लपाछपी नाही, डुक्कर बसलेलं असू शकते. कपाशीवर फवारणी चालू दिसली तर रस्ता बदला, २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली, ते आपण पाहिलंय.

फुल पँट, मोजे, डोक्याला दुपट्टा, लेकरामागं लिटरभर पाणी. खायला गूळ-शेंगदाणे नाहीतर संत्री, चिप्सनं नुसती तहान लागते.

सवय झाली की रामटेक बेस्ट. पायथ्याच्या अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढा, गाडी वरपर्यंत जाते म्हणून घरातल्या एकाला गाडी घेऊन वर पाठवा, उतरायची कटकटच नाही. फक्त खाऊची पन्नी हातात ठेवू नका, वानरं हिसकतात. लोणारचं विवर मात्र उलटं, आधी उतार आणि पोट्टे थकल्यावर दीडेकशे मीटरचा चढ, त्यामुळं तिथं लहानांना काठावरूनच दाखवा.

घरी आल्यावर कपडे लगेच धुवायला टाका, काखेत, कानामागं, कमरेच्या इलास्टिकखाली गोचिड आहे का पाहा. उंच गवतातल्या बारीक किड्यांमुळं स्क्रब टायफस होतो, २०१८ ला विदर्भात बरीच साथ होती. पंधरा-वीस दिवसांत ताप आला, अंगावर कुठं काळी खपली दिसली, तर डॉक्टरला गवतात फिरलो होतो हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.