करस्पॉन्डिंग ऑथर आधी ठरवा, मग पेपर पाठवा

केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे जानेवारी २०२५ पासून सरकारी विद्यापीठांत ३० प्रकाशकांची जर्नल्स वाचता येतात. पण वाचायला मिळालं म्हणजे छापणंही फुकट, असं नाही. ओपन ॲक्सेसचं, म्हणजे पेपर कुणालाही मोफत वाचता यावा म्हणून लेखकाकडून घेतलं जाणारं शुल्क वेगळं, आणि बरेच जण इथेच फसतात.

जर्मनीतला सहलेखक असेल तर तिथला ‘डील’ करार बघा; त्यात हे शुल्क लेखकाऐवजी संस्थेकडून भरलं जातं. वायली, स्प्रिंगर नेचर, एल्सव्हियर, तिघांशीही आहे. मुख्य अट अशी: करस्पॉन्डिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक, करारातल्या संस्थेचा हवा. बाकीचे लेखक कुठलेही चालतात. करस्पॉन्डिंग ऑथरने पेपर पाठवायच्या फॉर्ममध्ये संस्थेचाच ईमेल द्यावा आणि संस्थेचं नाव टाइप न करता यादीतून निवडावं. जीमेल टाकला तर सिस्टम ओळखेलच असं नाही. मग पेपर स्वीकारल्यावर हजारो युरोंचं बिल समोर येतं. (निव्वळ पैसे वाचवायला मात्र जर्मनीतल्या सहलेखकाचं नाव पुढे करू नका. उद्या पेपरबद्दलच्या शंकांना उत्तरं त्यालाच द्यायची आहेत.)

करारच नसेल तर हायब्रिड जर्नलमध्ये (जिथे ओपन ॲक्सेस आणि सबस्क्रिप्शन दोन्ही चालतात) सबस्क्रिप्शनचा पर्याय निवडा; त्यात ओपन ॲक्सेसचं शुल्क लागत नाही. रिव्ह्यूनंतर स्वीकारलेली, प्रकाशकाने अजून मांडणी न केलेली वर्ड फाइल जपून ठेवा. प्रकाशकाने घातलेली मुदत संपली की बहुतेक वेळा तीच विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, टाकता येते.